विकत न घ्यावं लागणारं शहर : पुण्यातल्या रहिवाशांचा जाहीरनामा

ऑगस्ट २०१८मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या १११ शहरांची क्रमवारी जाहीर केली आणि राहण्यास योग्य शहर म्हणून पुण्याचा पहिला क्रमांक लागला. त्यानंतरची यादी मार्च २०२१मध्ये आली. तिच्यात बंगळुरू पहिलं आणि पुणं दुसरं होतं. या क्रमांकांबद्दल आमची तक्रार नाही. इथं काम मिळतं, शिक्षण मिळतं, संध्याकाळी टेकडीवर जाता येतं. म्हणून लोक येतात आणि आलेले सहसा परत जात नाहीत. आम्हीही त्यांतलेच. कुणाच्या सात पिढ्या इथं गेल्या, कुणी गेल्या वर्षी लातूरहून आलं. पण क्रमवारीत एक शहर दुसऱ्या शहराशी ताडून पाहिलं जातं. आम्हांला विचारायचं आहे ते वेगळंच: या शहरात धड जगायचं तर एका घराला स्वतःच्या खिशातून काय काय विकत घ्यावं लागतं?

यादी प्रत्येकाला पाठ आहे. वाघोलीत, उंड्रीत, बालेवाडीत सोसायटी टँकर घेते. टँकरचं पाणी पिववत नाही म्हणून घरोघरी आरओ. बसचा भरवसा नाही म्हणून दुचाकी, मुलगी कॉलेजात गेली की दुसरी दुचाकी. शाळा दहा मिनिटांच्या अंतरावर असली तरी मधला रस्ता मुलाला एकट्यानं ओलांडता येत नाही, म्हणून व्हॅन. मैदान नाही म्हणून तासावर टर्फ. घरात जागा नाही, सार्वजनिक वाचनालयात टेबल नाही, म्हणून अभ्यासिकेतली खुर्ची महिन्याच्या भाड्यानं. यातली एकही गोष्ट चैनीची नाही. या साऱ्या गोष्टी शहरानं सगळ्यांसाठी मिळून करायच्या असतात, आणि मिळून केल्या तर कितीतरी स्वस्त पडतात.

या खर्चाला आम्ही दुसरा कर म्हणतो. पहिला कर महापालिका घेते. त्याची पावती मिळते, दर ठरवताना सभागृहात भांडण होतं, चुकीचा लागला तर तक्रार करता येते. दुसरा कर कुणी मंजूर केला नाही, तो कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि तो वाढला तर जाब विचारायला कुणी समोर नसतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही यातून माफी नाही. तो हा कर वेळेत आणि शरीरानं भरतो. धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी बाई दोन बस बदलून पोहोचते आणि दिवसभर पाणी बेतानं पिते, कारण वाटेत शौचालय नाही. पहाटे तीनला नळ येतो म्हणून वस्तीतलं कुणीतरी रोज झोप मोडतं.

पैशांचं नुकसान एक वेळ सोसता येईल. त्याहून वाईट घडतं ते असं: ज्यानं टँकर घेतला तो नळासाठी भांडायचं सोडतो. ज्यानं गाडी घेतली त्याला बसथांब्यावरचं छप्पर दिसेनासं होतं. महापालिकेच्या शाळेत ज्यांची मुलं नाहीत तेच त्या शाळांच्या खर्चाचे निर्णय घेतात. एकेक घर असं सामायिक गोष्टींतून बाहेर पडतं आणि मागे उरतात ते ज्यांचं कुणी ऐकत नाही. मग ती गोष्ट आणखी बिघडते आणि आणखी घरं बाहेर पडतात. पुण्यात गेली तीस-चाळीस वर्षं हेच चाललं आहे, आणि ते थांबवायला ही चळवळ आहे.

आमची कसोटी एकच. नीट जगण्यासाठी माणसाला जिथं कमीत कमी विकत घ्यावं लागतं, ते शहर राहायला चांगलं. उड्डाणपूल किती झाले, मॉल किती उभे राहिले, फ्लॅटचा भाव कुठं पोहोचला, यांना आमच्या लेखी त्यानंतरची जागा आहे.

पाणी

सुरुवात पाण्यापासून, कारण सगळ्यांचं म्हणून काही बांधण्याचा मोठा उद्योग या शहरानं पहिल्यांदा पाण्यासाठीच केला. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ आणला. उतारावरून पाणी आपसूक वाहत येई आणि पेठांमधले हौद भरत. त्या बांधकामातले काही भाग आजही जागेवर आहेत. वाड्यातली विहीर ही वाडेवाल्याची मालमत्ता. हौद मात्र पेठेचा.

पण त्या काळाची आरती आम्ही ओवाळणार नाही. ते हौद सगळ्यांचे नव्हते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला त्यांतलं पाणी घेता येत नव्हतं. १८६८मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. या चळवळीला पूर्वज शोधायचाच असेल तर तो कात्रजच्या नळापेक्षा गंज पेठेतल्या त्या हौदापाशी सापडेल. एखादी गोष्ट सार्वजनिक म्हणायची आणि कुणाला तरी दारात अडवायचं, हे आजही होतं. फक्त अडवण्याची कारणं बदलली आहेत: बागेच्या फाटकावरचा पहारेकरी कपडे बघून आत सोडतो, सोसायटीतली लिफ्ट कामाच्या बायकांना बंद असते. जुन्या पुण्याचे गोडवे गाऊन नव्या पुण्याला नावं ठेवणाऱ्यांची ही संघटना नव्हे.

आता आजचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. एवढी धरणं उशाशी असलेली शहरं देशात फार नाहीत. तरी बऱ्याच उपनगरांत उन्हाळा टँकरवर निघतो. महापालिकेच्या हद्दीत २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये आणखी २३ गावं आली. इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या आणि नंतरही राहत आहेत. महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू, असं हमीपत्र बांधकाम व्यावसायिक देतो. त्यावर परवानगी मिळते, फ्लॅट विकले जातात, तो पुढच्या प्रकल्पाकडे जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं. त्या दिवसापासून टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात बसतो.

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागला, काही दगावली. तपासात संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. खडकवासल्याची भिंत इथून हाकेच्या अंतरावर आहे. धरणाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसांच्या नळाला जलशुद्धीकरण केंद्रातलं पाणी नव्हतं. विहिरीतल्या पाण्यात क्लोरीन मिसळून ते सोडलं जात होतं. गाव हद्दीत घेतलं, करआकारणी सुरू केली, आणि शुद्ध पाणी मागाहून येईल असं सांगितलं. हा क्रम आम्हांला मान्य नाही.

म्हणून आमची पहिली मागणी: जिथं महापालिकेचं शुद्ध पाणी पोहोचलेलं नाही तिथं नव्या इमारतीला भोगवटा पत्र नको. हमीपत्राची पळवाट बंद व्हावी. प्रत्येक टँकर कुठं भरला, किती वाजता, कुठं रिकामा झाला, याची रोजची नोंद कुणालाही पाहता यावी. प्रत्येक भागातल्या पाण्याच्या तपासणीचा निकाल क्षेत्रीय कार्यालयाच्या दाराशी फळ्यावर लागावा, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत. टँकर बंद करा असं आम्ही आज म्हणत नाही, कारण उद्या सकाळी लोक पितील काय? पण टँकर म्हणजे आजारपणातलं सलाइन आहे. त्यावर कायमचं जगायचं नसतं.

रस्ता

पुणे महापालिकेनं २०१६मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. देशात असं करणाऱ्या पहिल्या काही शहरांत आपण आहोत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फुटपाथ वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. धोरण आहे, मोजमाप आहे, न्यायालयाचा आदेश आहे. आता आपल्या घरासमोरच्या फुटपाथवर जाऊन पाहावं. तो गुडघ्याइतका उंच असतो. दर इमारतीच्या फाटकापाशी तो खाली उतरतो, पुढे पुन्हा चढतो. मध्ये विजेचा डीपी बॉक्स, मग झाडाभोवतीचा चौथरा, मग उखडलेले ब्लॉक, आणि सिग्नलला थांबायचं नाही म्हणून फुटपाथवर चढलेला दुचाकीवाला मागून हॉर्न वाजवत येतो. गुडघे दुखणारी आजी असा फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेनं चालते, आणि काही झालं की लोक म्हणतात, फुटपाथ असताना रस्त्यावर कशाला चालायचं?

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले. अपघातांतल्या सगळ्या मृत्यूंमध्ये जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. चालणाऱ्याकडे ना हेल्मेट, ना विमा, ना वेग. त्याचा गुन्हा इतकाच की त्यानं वाहन विकत घेतलं नव्हतं.

हे बदलता येतं याचा पुरावा शहरातच आहे. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, बसायला बाकं आली, झाडं तशीच ठेवली, आणि तिथं संध्याकाळी माणसं नुसती बसलेली दिसतात, काहीही न विकत घेता. ११ डिसेंबर २०२१ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवला. ज्या रस्त्यावर एरवी अंग चोरून चालावं लागतं तिथं मुलं मधोमध खेळली. हा दिवस तेव्हापासून साजरा होतो, आणि आमचं म्हणणं आहे की वर्षातून एकदा साजरा करण्याची ही गोष्टच नाही.

रस्त्याचा पैसा मात्र दुसरीकडे जातो. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २००६च्या सुमारास झाला आणि २०२०मध्ये पाडला, कारण तो मेट्रोच्या आड येत होता. तिथं पुन्हा नवा, आधीपेक्षा मोठा पूल उभारला. पंधरा वर्षंही न टिकलेल्या त्या एका पुलाच्या पैशांत किती मैल फुटपाथ झाले असते, हा हिशेब आम्ही मागणार आहोत.

आणि गाड्या उभ्या करण्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथं आमच्यातलेच बरेच जण दुखावतील. सार्वजनिक रस्त्यावर रात्रंदिवस फुकट उभी असलेली मोटार म्हणजे सगळ्यांच्या जागेवर एकाचा कब्जा. महापालिकेनं २०१८मध्ये पे-अँड-पार्कचं धोरण आणलं, विरोध झाला, आणि ते मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं. विरोध करणाऱ्यांत राजकीय पक्ष होते आणि बरेच सुशिक्षित नागरिकही होते. त्याच रस्त्यावर भाजीची हातगाडी लावणाऱ्याचा माल मात्र अतिक्रमण विभाग उचलून नेतो. २०१४चा पथविक्रेता कायदा त्याला जागेचा हक्क देतो, मोटारीला असा हक्क कुठल्याच कायद्यानं दिलेला नाही. आम्ही हातगाडीच्या बाजूचे आहोत. फुटपाथ अडू नये, तिला आखून दिलेली जागा मिळावी. पण तिच्यामुळे रस्ता जागता राहतो. रात्री नऊला एकट्या चालणाऱ्या मुलीला भाजीवाल्या मावशींचा आणि चहाच्या टपरीचा आधार वाटतो, उभ्या गाड्यांच्या रांगेचा वाटत नाही.

बस

मेट्रो मार्च २०२२पासून धावते आहे आणि ती आम्हांला हवी आहे. तरीही या शहराचा कणा पीएमपीएमएलचीच बस राहणार, कारण मेट्रो दारात येत नाही. पीएमटी आणि पीसीएमटी या दोन बससेवा २००७मध्ये एक होऊन ती झाली. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २००६मध्ये, स्वारगेट-कात्रज आणि हडपसरच्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका आखून पुण्यानं देशातल्या पहिल्या बीआरटींपैकी एक सुरू केली होती. ती अर्धवट बांधली, अर्धवट सांभाळली आणि मग अपयशी ठरवली. नगर रस्त्यावरची मार्गिका २०२३पासून उखडायला घेतली. जून २०२५पासून बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. तोटा होतो म्हणून भाडं वाढवलं, असं सांगतात. उड्डाणपुलाला तोटा होतो असं कुणी म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही, आणि त्यावरून जायला तिकीटही नसतं.

बस हा धंदा नाही, ती नळासारखी सेवा आहे. दहा मिनिटांच्या आत पुढची बस येईल असा भरवसा ज्या मार्गावर मिळेल तिथं लोक दुचाकी घरी ठेवतील. हे भाकीत करायला तज्ज्ञ लागत नाही; दुचाकीचा हप्ता, पेट्रोल आणि पावसाळ्यातली कंबर ज्याची त्याला ठाऊक आहे. बसला स्वतःची मार्गिका, थांब्यावर छप्पर आणि वेळापत्रक, आणि विद्यार्थी व कष्टकऱ्यांना परवडेल असा पास, या तीन गोष्टींसाठी आम्ही महापालिकेच्या अंदाजपत्रकात वाटा मागतो.

बसायची जागा

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत संध्याकाळी चक्कर मारावी. परभणी, बीड, नंदुरबार, गडचिरोलीहून आलेली हजारो मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत असतात. राहायला कॉट बेसिस, जेवायला मेस, आणि बारा-चौदा तास बसायला खासगी अभ्यासिका. विद्येचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात शेतकऱ्याच्या मुलाला बसण्यासाठी खुर्ची भाड्यानं घ्यावी लागते, याइतकी आम्हांला खटकणारी दुसरी गोष्ट नाही.

याच शहरात १८४८मध्ये लोकहितवादींच्या पुढाकारानं आजचं पुणे नगर वाचन मंदिर सुरू झालं. त्याच वर्षी भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८७५मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. कुणीही यावं, बसावं, ऐकावं. त्या वेळच्या पुण्याकडे आजच्या शतांशानंही पैसा नव्हता. आमची मागणी आहे की प्रत्येक प्रभागात एक सार्वजनिक वाचनालय असावं, रात्री उशिरापर्यंत उघडं, पंखा, दिवा, पाणी आणि स्वच्छतागृह असलेलं, ज्यात बसायला ओळखपत्र आणि पैसे लागणार नाहीत. महापालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी कुलूपबंद असतात. जागा शोधायला लांब जायची गरज नाही.

टेकड्या, ओढे

पुण्यात अजून फुकट मिळणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे टेकडी. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती. तिथं सकाळी निवृत्त न्यायाधीश आणि रिक्षावाले एकाच वाटेनं चालतात. पावसाचं पाणी तिथं मुरतं आणि खालच्या विहिरींत उतरतं. एप्रिल २०२३मध्ये वेताळ टेकडी वाचवायला हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठल्याही पक्षानं त्यांना आणलं नव्हतं. त्यांतले बरेच जण आज या चळवळीत आहेत. टेकडीवरून रस्ता नको, टेकडीखालून बोगदा नको, जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात एक टक्काही बांधकामाची सूट नको. यात तडजोडीला आम्ही तयार नाही.

ओढ्यांचं मात्र आपण काय केलं ते २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दिसलं. आंबील ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, टांगेवाले कॉलनीत माणसं घरातच सापडली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक बळी गेले. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. ओढा अरुंद करून, वळवून, झाकून जी जागा निघाली ती कुणाला तरी विकली गेली. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१च्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. प्रत्येक ओढ्याची मूळ रुंदी नकाशावर आणि जमिनीवर दगड रोवून दाखवावी, आणि त्या रेषेच्या आत जे आहे त्याची यादी नावांसकट जाहीर व्हावी. वस्तीतल्या लोकांना उठवण्याआधी त्यांना जवळच पक्कं घर मिळालं पाहिजे. बड्या बांधकामांना हात न लावता फक्त झोपड्या हलवल्या तर आम्ही झोपड्यांपुढे उभे राहू.

कचरा आणि शौचालय

इथं थोडक्यात. १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून पुढे कचरावेचक बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि २००८पासून ती घरोघरचा कचरा गोळा करते आहे. या बायका जितका कचरा वेगळा काढून विकतात तितका उरुळी-फुरसुंगीच्या कचऱ्याच्या डोंगरावर जायचा वाचतो. हे काम मोठ्या कंत्राटदाराला देण्याचा घाट पुन्हा पुन्हा घातला जातो, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्याला विरोध करू. आणि जिथं दर अर्ध्या किलोमीटरवर बाईला जाण्यासारखं, पाणी असलेलं, रात्री दिवा असलेलं, फुकट शौचालय नाही, तो रस्ता पूर्ण झाला असं महापालिकेनं म्हणू नये.

ठरवतं कोण

१४ मार्च २०२२ला पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला एकही नगरसेवक नव्हता. अंदाजपत्रकं प्रशासकानं केली. पाणी आलं नाही तर लोकांनी कुणाकडे जायचं? चार-चार सदस्यांच्या प्रभागात तर नगरसेवक असूनही नेमका आपला कोण हे कळत नाही. चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांना स्वतःचा कारभार करण्याचा आधार दिला. महाराष्ट्रानं २००९मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात घातली, म्हणजे ग्रामसभेसारखी सभा शहरातल्या मतदारांनाही मिळायला हवी होती. ती आजवर कागदावरच आहे. २००६पासून पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची पद्धत आहे, पण सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं हे कळवण्याची पद्धत नाही. आम्ही क्षेत्रसभा मागतो, एका प्रभागाला एकच नगरसेवक मागतो, आणि सुचवलेल्या प्रत्येक कामाचं लेखी उत्तर मागतो.

पैसा कुठून येणार, असं विचारलं जाईल. विचारलंच पाहिजे. पुण्यात राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७०पासून आहे. ती काढली तेव्हा शहरभर ओरड झाली आणि २०२३मध्ये ती परत मिळाली. आमची भूमिका अनेकांना रुचणार नाही, तरी ती लिहून ठेवतो: ज्या भागात शुद्ध पाणी, चालता येईल असा फुटपाथ आणि दहा मिनिटांत बस मिळेल, त्या भागात पहिला कर वाढवून द्यायला आम्ही तयार आहोत, मोठ्या घरांनी जास्त आणि छोट्या घरांनी नगण्य. दुसऱ्या करात जे जातं त्याचा काही भाग देऊनही आम्ही फायद्यात राहू. फक्त क्रम असा हवा: आधी सेवा, मग वाढ.

आमच्यावरची बंधनं

मागण्या करणं सोपं असतं, म्हणून या चळवळीत येणाऱ्यानं आधी स्वतःवर काही बंधनं घ्यायची आहेत. जिथं बस जाते तिथं आठवड्यातून निदान काही वेळा बसनंच जायचं, म्हणजे ती कशी आहे हे कळेल. आपली गाडी फुटपाथवर चढवायची नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. कचरा वेगळा करून द्यायचा आणि कचरावेचक ताईंना त्यांचे पैसे वेळेवर द्यायचे. आपल्या सोसायटीतली लिफ्ट आणि पिण्याचं पाणी कामाला येणाऱ्या प्रत्येकासाठी खुलं करायचं. फुल्यांच्या हौदाचं नाव घेतलं की एवढं आलंच. आणि टँकर आला तरी नळाची तक्रार दर महिन्याला लेखी करायची.

आमची रचना आम्ही नव्यानं शोधलेली नाही. २ एप्रिल १८७०ला याच शहरात गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून ती सुरू झाली आणि तिचा एक नियम होता: सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. कुणी स्वतःच्या नावावर बोलायचं नाही. ज्यांच्या वतीनं बोलतो त्यांच्या सह्या दाखवायच्या. तोच नियम आम्ही घेतला आहे, एक भर घालून: त्या पन्नासांत निम्म्या स्त्रिया असतील, आणि आपल्या जातीचे, आपल्या इमारतीतले, आपल्या भाषेचे एवढेच चालणार नाहीत. भाडेकरू चालेल. कॉट बेसिसवरचा विद्यार्थी चालेल. बांधकामावर राहणारं कुटुंब चालेल, मतदारयादीत नाव असो वा नसो. जो या शहरात झोपतो आणि उठतो तो या शहराचा.

पुढचं अंदाजपत्रक मांडलं जाण्याआधी प्रत्येक प्रभागातून असा निदान एक प्रतिनिधी उभा राहिला पाहिजे. आपल्या गल्लीत फिरा, दारं वाजवा, प्रत्येक घराला विचारा की दुसऱ्या करात त्यांचे महिन्याला किती जातात, ते लिहून घ्या, आणि पन्नास सह्या घेऊन या.